मलकापूर कुठल्या मुलखात?

मी आज स्वतःच्या पायांवर उभा आहे तो डॉ. प्रभाताईंमुळे, हे आधीच सांगतो. गेल्या महिन्यात मँचेस्टरला ऑफिसला जाताना ट्रॅममध्ये त्यांच्या मुलीचा, मीराचा फोन आला. "दादा, आई गेली. झोपेतच. पीसफुल होतं." मी पुढच्या स्टॉपवर उतरलो.

ओळख झाली ती कॉव्हेंट्रीत, मंडळाच्या गणपतीत. तिथे जेवणाची एक रीत आहे. प्रत्येक घराने आपल्या मुलखाचा पदार्थ करून आणायचा आणि हॉलमध्ये कोकण, देश, मराठवाडा, खानदेश, वऱ्हाड अशा वेगवेगळ्या टेबलांवर मांडायचा. मी नुकताच एमएस्सीला आलेला, मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. ओव्हनमध्ये वांगी भाजून भरीत केलं होतं, ते खानदेशाच्या टेबलावर ठेवलं. पिकल्या केसांच्या एक बाई आल्या. "गाव कोणतं रे?" "मलकापूर." "मग इथे काऊन ठेवलंस? मलकापूर वऱ्हाडात येतं." आणि माझा डबा उचलून त्यांनी आपल्या गोळाभाताशेजारी नेऊन ठेवला. त्याही मलकापूरच्याच. इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती.

मी हटलो नाही. जिल्हा बुलढाणा, म्हणजे कागदावर विदर्भ, हे मान्य. पण माझं कॉलेज भुसावळचं, मामाचं घर जळगावचं, आईची बोलीही तिकडचीच. "तू रेल्वेने कॉलेजला गेलास म्हणून गाव हलतं होय?" त्या म्हणत. हे भांडण पुढे अनेक वर्षं त्यांच्या किचनमध्ये चाललं, कारण माझी राहायची सोय होईना तेव्हा त्यांनी मला वरची खोली दिली. पोळ्या लाटता लाटता माझ्याकडून इंटरव्ह्यूची उत्तरं म्हणवून घेत. "खाली बघून बोलू नको. येतं ना तुला सगळं?" पदवीदानाला बाबांना व्हिसा मिळाला नाही. त्यांच्या खुर्चीत ताई बसल्या, साडीवर जाड कोट घालून, आणि माझं नाव पुकारलं तेव्हा एकट्याच उठून उभ्या राहिल्या.

मग विसरणं सुरू झालं. आधी औषधांची नावं, मग शेजारी, मग कधी कधी मीरासुद्धा. जमेल त्या रविवारी मी केअर होममध्ये जायचो आणि मुद्दाम म्हणायचो, "ताई, खानदेशातून आलोय." त्या लगेच फणकारत, "वऱ्हाड म्हण." ताई अजून आहेत, एवढं मला त्यावरून कळायचं. शेवटच्या भेटीत तसंच म्हणालो. परक्याकडे बघावं तसं त्यांनी बघितलं. "असं का? फार लांबून आलात," म्हणाल्या. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. त्या नुसत्या हसल्या...

घरी येऊन मी पत्र लिहिलं. परवा फोनवर मीरा म्हणाली, "तुझा लेटर तिच्या उशीजवळ होता. मला वाचता नाही आला, दादा. तू येऊन तिला वाचून दाखवशील म्हणून मी वेट करत होते." तिथे मराठी वाचणारं आता कुणी उरलेलं नाही, हे पाकिटावर तिकीट लावताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. म्हणून ते इथे देतो. निदान कुणीतरी वाचेल.

"ती. प्रभाताई, साष्टांग नमस्कार.

ताई, तुमचंच खरं. मलकापूर वऱ्हाडात येतं. मी खानदेश म्हणत राहिलो, कारण तुम्ही भांडायला लागलात की मला घरी आल्यासारखं वाटायचं. या देशात मला आमच्या गावचं एकच माणूस भेटलं आणि ते पक्कं वऱ्हाडी निघालं. तेव्हा गावही तिथलंच. पुढच्या रविवारी येतोय. मला गाव विचारा. या वेळी बरोबर सांगेन."