अंगातला दुष्काळ

बेल्ह्याला बायकांच्या डॉक्टरणीकडे नंबर लागेपर्यंत तासभर बाकावर जातो. दाराबाहेर चपला साचतात, आत किस्से. मी मांडीवरचं लेकरू थोपटत ऐकते आणि राजुरीला घरी येऊन घाबरते.

*

वैशाली, माझी धाकटी जाऊ. मूल होईना म्हणून तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, चतुर्थी, वर मीठही सोडलं. पोर वाळत गेली आणि पाळी चुकली. देव पावला म्हणून सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. तपासलं तर काहीच नव्हतं. पाळीच बंद पडली होती.

*

डॉक्टरणीनं समजावलं. चरबी नुसती पडून नसते. लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडून ती मेंदूला कळवते, साठा आहे, पोर पोसवेल. साठा आटला की निरोप आटतो, मेंदू पाळी थांबवतो.

"हिच्या अंगाला वाटतंय, दुष्काळ पडलाय."

"कशाचा दुष्काळ?" सासूबाई म्हणाल्या. "बाजरीची पोती ठिवायला जागा न्हाई घरात."

*

मला राहवेना. विचारलं, मॅडम, आपण बोललेलं चरबीला ऐकू जातं का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि झोप लागते का ते विचारलं. कशी लागणार? पोटावर हात ठेवला की वाटतं, आत कुणीतरी कोठी चाचपतंय.

*

बाकावर शेजारी बसणाऱ्या कापडदुकानवाल्या भाभींचं उलटं. वजन भरपूर, तरी दिवस राहत नाहीत. त्यांना डॉक्टरणीनं सांगितलं, निरोप फार झाले की मेंदू ऐकेनासा होतो.

"आमच्या सासूबाई बोलतात तेव्हा माझंही तसंच होतं," भाभी म्हणाल्या.

सगळा बाक हसला. वैशाली सोडून.

*

उपास सोडायचे तर नवस मोडतो. सासूबाईंनी तोड काढली. देवापुढे नारळ ठेवून वैशालीचे सगळे उपास रीतसर स्वतःच्या अंगावर घेतले. वैशाली ताटावर बसायला लागली, पण घास उतरेना. "भूकच मेली, ताई," म्हणायची. औषधासारखं गिळत राहिली. हळूहळू अंग भरलं, पाळी परत आली. भूक तेवढी आली नाही.

*

परवा गुरुवार होता, सासूबाईंचा कडक उपास. दुपारी बाळाला झोपवून स्वयंपाकघरात गेले. वैशाली खाली बसून जेवत होती. टोपल्यातल्या भाकरी संपलेल्या, पिठलं संपलेलं; आता ती कढईची खरवड काढत होती. घाई कसलीच नाही.

"अगं, एवढी भूक लागली होती तुला?"

तिनं मान वर केली नाही.

"माझी न्हाई ही, ताई."