दोन करवंट्यांवरचं मशीन

आमच्या मंडळींनी मला जितके धक्के दिले तितके चौल-रेवदंड्याच्या रस्त्यानं माझ्या टेम्पोलासुद्धा दिले नाहीत. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम कुठलं, तर पडवीत बसून टीव्हीवरच्या गेमच्या रिमोटमधल्या मुंग्या काढणं. खाऱ्या हवेनं रिमोटची दांडी अडकायला लागली म्हणून हिनं मला न विचारता आत खोबरेल सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरचा घोडा आपोआप चालायला लागला. ही खूष. "बघा, तेल लागू पडलं." मग मुंग्यांची रांग दिसली. चष्म्याच्या बारक्या स्क्रू-ड्रायव्हरनं हिनं रिमोट उघडला, मी ताट धरलं, आणि ही एकेक मुंगी फुंकून ताटात पाडत बसली. मारायची न्हाय, असा हुकूम होता. संध्याकाळी भात टाकायला आत गेली, ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही. सकाळी साधा तापसुद्धा नव्हता. मला अजून हे खरं वाटत नाही.

मुलगा ऐरोलीला एका कंपनीत मोबाइलवरच्या खेळांचे प्रोग्राम लिहितो. त्यानं टीव्हीला जोडून खेळायचं नवं मशीन घेतलं आणि जुनं घरी आणून टाकलं, पाहुण्यांच्या पोरांना होईल म्हणून. पाहुणे कुठले येतात? हिनंच समोर बसकण मारली. मी चौथी शिकलेला, ही सातवी. त्या सातवीच्या जोरावर हिनं मशीन बनवणाऱ्यांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. आतला पंखा घुरघुरतो म्हणून मशीन दोन करवंट्यांवर चढवलं. "आंब्याखाली पण आपण पेंढा घालतो. ह्याच्या पोटाखालनं वारा नको जायला?" दमट हवा लागू नये म्हणून रिमोट ठेवायची तांदळाच्या डब्यात. एकदा ही देवळात गेलेली, मशीन तसंच चालू. मी कोंबड्यांसाठी डब्यात हात घातला, तर आतून काहीतरी गुरगुरलं. मला वाटलं घूस. डबा गेला अंगणात. तांदूळ निवडता निवडता ही म्हणते, "एवढं भितं काळीज घेऊन टेम्पो चालवला कसा तुमी?" रिमोटचं ते थरथरणंही तिला पसंत नव्हतं. "कापतात ते हात माझे का ह्याचे? डॉक्टरला मी सांगू काय?" आणि नव्या मशीनला तबकडी घालायची फटच नाही, खेळ वायरीतून येतो, असं मुलानं सांगितलं त्या दिवशी तर ही अर्ध्या ताटावरून उठली. हात धुताना म्हणाली, "म्हंजे शेजारणीला उसना द्यायचा न्हाय. मग तो आपला कसा?"

एकदा मुलाचा साहेब समुद्र बघायला आला आणि आमच्याकडे जेवला. हिनं सुरमईची तुकडी वाढली आणि विचारलं, "तुमच्या खेळात माणूस मेला की उठायला ताटकळायचं, न्हायतर पैसे टाकायचे. हे ठरवलं कुणी?"

साहेब हसला. "काकी, त्यावरच आमचे पगार होतात."

"मग दारात उभं राहून सरळ मागा की. अडलेल्याकडनं कशाला घेता?"

मी घाईनं सोलकढीची वाटी पुढे केली. साहेबानं मात्र आणखी एक तुकडी मागून घेतली. खेळ काही बदलला नाही.

पण ही असली बोलणी मुलाला पटायची, तेच खरं दुखणं होतं. त्याला नोकरी सोडून स्वतःचा खेळ बनवायचा होता. एकदा घेतला की घेतला, मध्ये कुठे अडवणूक नाही. ही म्हणायची, "सोड." मी म्हणायचो, "लागलेली नोकरी सोडतं कोण?" तो घरी आला की जेवताना तिघांचं हेच. ते भांडण अर्धंच राहिलं.

दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला. कावळा शिवला की गेलेल्याचं मन सुटलं, असं आमच्यात धरतात. झाडावर कावळे गच्च, खाली एक उतरेना. हिचं मन कुठे अडकलंय ते भावकी शोधायला लागली. कुणी म्हणालं, वाडी विकणार न्हाय म्हणून सांगा. माझा धाकटा भाऊ हात जोडून पुढे झाला. "वहिनी, ते मशीन भंगारात टाकणार न्हाय." भटजींनी मान वर करून बघितलं. मुलगा खाली बघत उभा. शेवटी मीच बोललो. "सोडू दे त्याला नोकरी. मी आडवा येणार न्हाय."

सगळ्यांनी झाडाकडे बघितलं. कावळा तरी आला नाही. मी तर हबकलोच. एवढं पोटातलं काढून ठेवलं आणि ही हलेना. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, लोक उठले. वाटेत भाऊ कानाशी आला. "कावळा शिवला न्हाय, दादा. म्हंजे ते बोलणं धरायचं न्हाय. पोराला जाऊ दे कामावर." मलाही ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा साहेबाला फोन लावत होता, तेरावं झालं की येतो म्हणून. मी समोर जाऊन बसलो. म्हटलं, "येतो म्हणू नको. सोडतो म्हण."

तो बघत राहिला. "बाबा, पण कावळा तर..."

"कावळ्याला कोण विचारतंय? बोललो मी ना?"

फोन लागला. तो बोलायला लागला तसं मला तिथं बसवेना. कोपऱ्यातला खराटा घेतला आणि बाहेर आलो. अंगण रोज ही झाडायची, मी जन्मात कधी झाडलं नव्हतं. कुठनं सुरुवात करायची ते कळेना, म्हणून उंबऱ्यापासून केली.