सत्तेचाळीस नंबर

गडबचा केरू रोह्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं बॉयलरवर होता. एवढ्या वर्षांत लेट झाला तो एकदाच, बाप गेला त्या दिवशी. त्यामुळे मुलाने, मितेशने, मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाची दोन तिकिटं हातात ठेवली, तेव्हा केरूने विचारलं ते एवढंच, "बेटावरनं परत किती वाजता बोलावतात?"

तिसऱ्या दिवशी जहाज लक्षद्वीपातल्या एका बेटासमोर खोल पाण्यात उभं राहिलं. माणसं होड्यांनी धक्क्यावर न्यायची आणि चारच्या शेवटच्या होडीने परत आणायची, असा नेम. गळ्यात निळ्या फितीने अडकवलेलं कार्ड दाखवल्याशिवाय परतीच्या होडीत पाय ठेवायचा नाही.

केरू बायकोला घेऊन अडीचलाच धक्क्यावर हजर.

"अवो, आत्ता कुठं वाळूत पाय टेकले," मैना करवादली. "शिफ्ट हाय का इथं तुमची?"

"आधी आलेला माणूस चुकत नाय."

असं म्हणताना त्याचा हात गळ्याकडे गेला. कार्ड नव्हतं.

खिसे झाले. पिशवी उपडी झाली. नारळपाणीवाल्याचं बाकडं, ज्या माडाखाली बसले होते तो माड, सगळं पालथं घातलं. धक्क्यावर परत आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. केरूचा सदरा पाठीला चिकटला होता. होडीवाल्यांच्या मुकादमाने हात हलवला. "कार्ड नहीं, तो जहाज को पूछना पड़ेगा।" त्याचा फोन काही लागेना.

"तुझं हाय. तू जा," केरू म्हणाला.

"आन् मितेशला काय सांगू? तुझा बाप बेटावर ठेवून आले?"

बॉयलरची वाफ कुठे गळू लागली, तर केरू कधी सैरावैरा शोधत सुटला नव्हता. जिथवर सगळं ठीक होतं, तिथून एकेक सांधा बघत यायचं. सकाळी होडीतून उतरलो तेव्हा कार्ड गळ्यात होतं. तो त्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि सकाळसारखा चालू लागला. पायऱ्या. शेड. अंगातलं तरंगायचं जाकीट काढलं, भिंतीवरच्या खुंटीला...

हात आपोआप वर गेला. तसाच मानेकडेही गेला. कंपनीतून बाहेर पडताना हजेरीचं टोकन आपल्या नंबरच्या खुंटीला लावायचं, आत येताना काढून घ्यायचं. एकतीस वर्षांची सवय. आज त्याने जाकिटाबरोबर कार्डही लावलं होतं.

पण भिंतीवर दोनशे खुंट्या, त्यांवर जाकिटं लादलेली आणि ती ओढायला माणसांची झुंबड. केरू पहिल्या खुंटीपासून चाचपू लागला. चार वाजायला सात मिनिटं होती.

"एकापासून काय बघताय?" मैना मागून ओरडली. "सत्तेचाळीस बघा, सत्तेचाळीस! तुमच्या डब्यावर कोण रंगवत होतं तो नंबर?"

खुंट्यांवर आकडे होते. सत्तेचाळीसवरचं जाकीट कुणीतरी नेलं होतं. निळी फीत तेवढी लोंबत होती.

होडी सुटली, तेव्हा मैनाने दोन्ही कार्डं स्वतःच्या गळ्यात घातली होती.

"बेट कसं होतं, ईचारलं पोरानं तर?"

केरूने वळून शेडकडे पाहिलं.

"सांग, खुंट्या पक्क्या ठोकल्यात."