चार पिस्टन आणि एक आडवा बाण

गॅरेजात एखादं काम संपलं की टेबलावर दोन-चार नट उरतातच. कुठले, ते कुणी विचारायचं नाही. आमचे बबनमामा ते गोळा करून पत्र्याच्या डब्यात टाकतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, कामाला येत्यात." किस्से पण असेच साठतात बघा.

मी मंगल. कोल्हारला बायकांना गाडी शिकवते. फक्त बायकांना! माझ्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन गेलं आणि त्या वर्षी दसरा-दिवाळीच्या दिवसांत मी मामांच्या गॅरेजात इतकी बसले, की माझा स्वतःचा एक डबा भरला. त्यातलेच थोडे काढते. ज्याला पटणार नाही त्यानं चहा पिऊन खुशाल निघावं.

*

सुरुवात धुरापासून. गाडी निळा धूर सोडायला लागली. पेट्रोल कमी आणि ऑइलच जास्त पीत होती. मामांनी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, खोललं आणि बॅटरी मारून मला आत दाखवलं. सिलिंडर ओरखडलेले, पिस्टन झिजलेले.

ही बातमी माझ्या मोठ्या दिरांना माझ्याही आधी कळली. आमचे भाऊजी म्हणजे गावचं अघोषित वर्तमानपत्र. पांढऱ्याशुभ्र मोठ्या गाडीतून फिरतात. त्या गाडीत आमच्या जाऊबाई, म्हणजे अक्का, लग्नाला चला नाहीतर दवाखान्यात चला, कायम मागच्या शिटावर. पुढं भाऊजींचा कुणीतरी दोस्त असतो. दोस्त नसला तर खताची गोणी.

गाडी गॅरेजासमोर उभी करून, काच खाली घेऊन भाऊजी म्हणाले, "मंगल, लई झालं आता. घाल भंगारात आन् बस घरी. बायांनी बायांना गाडी शिकवायची म्हंजे आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता दावायचा!"

मागच्या काचेतून अक्का माझ्याकडं बघत होत्या.

माझं डोकं असं तापलं म्हणता! ह्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. ह्याच गाडीवर अंगणवाडीच्या बाई शिकल्या, दूध डेअरीवाली सुरेखा शिकली. कितीतरी जणींची श्रीरामपूरची लायसन्सची टेस्ट डोक्यावर आली होती. गाडी गेली की क्लास गेला. आणि क्लास गेला की ह्या बाया पुन्हा कुणाच्या तरी मागं बसणार.

मी मामांना म्हणाले, "मामा, इंजिन बांधायचं."

मामा म्हणाले, "मग आधी पिस्टन."

*

आता मला वाटलं, आधी सिलिंडर घासून घ्यावेत, मग त्या मापाचे पिस्टन आणावेत. ब्लाउज शिवायचा तर आधी माप घेतात की नाही? म्हणून मी बेलापूरला शब्बीरभाईंना फोन लावला. सिलिंडर बोअर करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. माणूस गोड, पण काम चुकीच्या क्रमानं सांगितलं की चिडतो.

"ताई, आधी पिस्टन आना. ते मापून मग मी भोक पाडतो."

"अहो, पण आधी पाय आणि मग चप्पल ना?"

"हितं आधी चप्पल आनायची, मग तिच्या मापाचा पाय कापायचा!"

फोन ठेवला त्यांनी!

*

पिस्टन कुठले घ्यायचे ह्यावर गॅरेजात जी सभा भरली, तेवढी गर्दी ग्रामसभेला पण नसते. कुणी म्हणे कंपनीचेच घ्या, ओरिजिनल. त्या किमतीत माझी अर्धी गाडी आली असती, म्हणून तो विषय मी तिथंच मिटवला. कुणी म्हणे दिल्लीचे घ्या, एकदम स्वस्त. ते मामांनी मिटवले. "त्याच्या खोक्यावर नुसता वाघ हाय. नाव न्हाई, साइज न्हाई. वाघाकडं गॅरंटी मागायला कोन जानार?"

तेवढ्यात भाऊजी आले. मोबाईलवर व्हिडिओ बघून आले होते. म्हणाले, "घालायचेच तर फोर्ज्ड घाला. ठोकून घडवलेले, रेसिंगचे! तुटत न्हाईत."

मामांनी हात पुसले. "भाऊसाहेब, ते पिस्टन थंडपनी सैल असत्यात, खडखड करत्यात. इंजिन तापलं की फुगून नीट बसत्यात."

"मग तापू द्या की!"

"तापायचं कधी? हिच्या बाया दर वळनावर गाडी बंद पाडत्यात!"

सगळे हसले. मी पण हसले, काय करणार, खरंच आहे ते. पण मी भाऊजींना सांगून टाकलं, "मला रेस लावायची नाही. मला लोणी गावचा बाजार करून परत यायचंय, आणि येताना गाडी चालवणारी बाई घाबरलेली नसली पाहिजे. एवढ्यापुरता पिस्टन पाहिजे."

शेवटी ठरलं मधलं. साधे ओतीव पिस्टन, नावाजलेल्या पण स्वस्त मेकचे, खोक्यावर साइज छापलेली, सोबत रिंगा आणि पिन.

*

ते आणायला मी आणि मामा नगरला गेलो. दुकानदार काउंटरवर तीन खोकी मांडून बोलायला लागला, पण बोलतोय कुणाशी? मामांशी! मी विचारते, तो उत्तर मामांना देतो. मी विचारलं, "रिंगा ह्याच मेकच्या आहेत का?" तो मामांना म्हणाला, "व्हय, एकच मेक हाय." मी विचारलं, "ओव्हरसाइज किती, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठे?" तो मामांना म्हणाला, "अर्धा मिलिमीटर." मग माझ्याकडं वळून, अगदी प्रेमानं, "ताई, तुमच्यासाठी चहा सांगू का?"

मी म्हणाले, "सांगा की. पण पैसे मामांकडून घेऊ नका, ते माझ्याकडं आहेत. पिस्टनपण मीच घेणार आहे. आता बोला माझ्याशी!"

तेव्हापासून तो माणूस मामांकडं बघेचना. मामांनी साधं "पानी हाय का" विचारलं, तरी उत्तर मला!

*

पिस्टन आले. शब्बीरभाईंनी फोनवरून बजावलं, "स्वस्तातले हायत, वजन बघून घ्या. चारी सारखे पाहिजेत, न्हाईतर इंजिन थरथरतं."

आता बारीक वजन कुठं करायचं? मामांकडं जो काटा आहे त्यावर भंगार तोलतात. भाजीच्या काट्यावर ग्रॅम कसला दिसतोय! मग मला आठवला माझा राहात्याचा सोनार. माझं मंगळसूत्र त्याच्याकडचंच. पिशवीत पिस्टन घातले आणि गेले.

दुकानात लग्नाचं वऱ्हाड बसलेलं. नवरीची आई, मामी, आत्या, सगळ्यांपुढं हार मांडलेले. मी पिशवीतून एकेक पिस्टन काढून मखमलीवर ठेवला. सगळ्यांच्या माना हारांवरून माझ्याकडं वळल्या. सोनार बिचारा सभ्य, एकेक काट्यावर ठेवत गेला. तीन अगदी सारखे भरले. चौथा निघाला जड.

नवरीच्या आत्यानं डोळे बारीक करून विचारलं, "हे काय म्हनायचं गं बाई?"

मी म्हणाले, "पिस्टन. गाडीच्या इंजिनातले."

आत्या आपल्या भावजयीकडं वळल्या. "वहिनी, बरं सापडलं! जावई गाडी मागतोय ना? आत्ता हे चार घाला त्याच्या अंगावर. बाकीची गाडी बघू पुढच्या जन्मी!"

अख्खं दुकान हसलं, नवरी सगळ्यात जास्त. तिनं मग हळूच माझा नंबर घेतला. म्हणाली, "गाडी मागतोय तर चालवायला मीच शिकते."

चौथा पिस्टन घेऊन मी तशीच नगरला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढ्या-तेवढ्यानं काय हुतंय? हजारो गाड्या चालत्यात अशा."

"हजारो चालत असतील. माझी एकच आहे."

त्यानं खोकी फोडून, वजनं करून, बाकीच्या तिघांना जुळणारा सापडेपर्यंत पिस्टन काढले. मी स्टुलावर बसून होते. चहा दोनदा आला.

*

हा किस्सा खंडेनवमीचा. शब्बीरभाईंकडून इंजिनाचा ब्लॉक बोअर होऊन आला होता. चारी सिलिंडर आरशासारखे चमकत होते. मामांनी तो धुऊन, पुसून, ऑइलचा हात फिरवून टेबलावर ठेवला आणि वर स्वच्छ कापड टाकलं. "ह्याला कुनी शिंकायचं पन न्हाई," म्हणाले, आणि हार आणायला गेले. त्या दिवशी हत्यारांची पूजा ना!

मला डबा द्यायच्या निमित्तानं अक्का आल्या होत्या. हल्ली त्या रोजच यायला लागल्या होत्या. डबा ठेवायच्या आणि इकडचं तिकडचं विचारायच्या. क्लच कुठल्या पायाला? बंद पडली तर आधी काय करायचं? मी सांगायचे, त्या मान डोलवायच्या आणि घरी जायच्या.

त्या दिवशी त्या पूजेचं ताट घेऊनच आल्या. पान्यांना हळदकुंकू वाहिलं, जॅकला वाहिलं. मग कापड उचललं. अक्कांची पूजा म्हणजे कुणावर अन्याय नाही. चारी सिलिंडरांत सारखी हळद, सारखं कुंकू, मूठ-मूठ अक्षता आणि वर झेंडूच्या पाकळ्या!

मामा हार घेऊन आत आले आणि जागेवरच खिळले. तोंड उघडं. ओरडावं तर पूजा आहे, न ओरडावं तर इंजिन आहे! शेवटी त्यांनी शब्बीरभाईंना फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

पलीकडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शब्बीरभाई म्हणाले, "नारळ तरी भाईर फोडला ना?"

अक्का इतक्या खजील झाल्या, की त्यांनी साडी खोचली आणि सगळा ब्लॉक स्वतः धुतला. साबणानं, ब्रशानं, डिझेलनं, मामा दाखवतील तसा. नखात काळं गेलं ते जाईना. घरी भाऊजींनी विचारलं, तर म्हणाल्या, "वांगी भाजली."

*

मग आला पिस्टन बसवायचा दिवस. प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे बेल्टकडं ठेवायचा. आता आमच्या गाडीत इंजिन आडवं बसतं, म्हणून बेल्ट येतो ड्रायव्हरच्या बाजूला. मामांनी चारी बाण तिकडं करून पिस्टन बसवले.

भाऊजी वाकून बघत होते. "अरे बबन! बान आडवे झाले की! गाडीच्या तोंडाकडं पाहिजेत."

"न्हाई, बेल्टकडंच पाहिजेत."

"गाडी काय खेकड्यावानी आडवी चालती व्हय?"

मामांनी समजावलं, मी समजावलं. पण भाऊजी सगळ्या गॅरेजाला साक्षी ठेवून ओरडले, "स्वस्तातले पिस्टन, त्यात बान आडवे! लिहून घ्या. ही गाडी पुन्हा रोडवर आली ना, तर मी मागच्या शिटावर बसून भगवतीच्या देवळापासून पुलापर्यंत फेरी मारीन! सगळ्या गावादेखत!"

मला एवढा राग आला, की मी फक्त "बरं" म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी डिझेलच्या वासावर ढकललं. अक्का डब्याचं झाकण लावत होत्या. लावून झालं तरी लावतच होत्या.

*

इंजिन पहिल्या चावीला चालू झालं. धूर नाही, थरथर नाही. मामांनी बॉनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला, पाणी जेमतेम हललं. मामा म्हणाले, "आता पिस्टन-रिंगा बसू द्या. थोडे दिवस हळू चालवा. पळवायची न्हाई."

"मामा, माझ्या बाया सेकंडच्या पुढं जातच नाहीत!"

"मंग तुझ्यासारखं गिऱ्हाईक न्हाई!"

मी गाडी गावात आणलीच नाही. रोज पहाटे पाटाच्या कडेच्या रस्त्यानं हळूहळू चालवली. म्हणजे मी नाही, माझी नवी शिकाऊ. देवाला जाते सांगून घरातून निघायची. पहिल्या दिवशी तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला म्हणाली, "मंगल, आजवर मला गाडीतून फकस्त मानसांच्या मानाच दिसल्या. रस्ता पुढून असा दिसतो व्हय गं?"

मी तिचा हात गिअरवर नेऊन ठेवला.

लर्निंग लायसन्स आलं. गाडीवर लाल एल लावला. दिवाळीच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी, आम्ही देवळापासून निघालो. ती ड्रायव्हरच्या शिटावर, मी शेजारी, पाय दुसऱ्या ब्रेकवर. मागची शीट रिकामी. गॅरेजासमोर मामा आणि शब्बीरभाई उभे होते, दोघं एकदम ताठ.

पारापाशी भाऊजी चार माणसांत बसले होते. गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली. बंद न पडता थांबली! इंजिनाचा आवाज इतका कमी, की भाऊजी आधी टायरांकडं बघत बसले. मग त्यांनी मान वर केली.

काच खालीच होती. अक्कांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. नखांत अजून थोडं काळं होतं.

"अहो," अक्का म्हणाल्या, "देवळापास्नं पुलापर्यंत म्हनला हुतात ना? बसा मागं. आन् दार नीट लावा."