पाठमोरे अध्यक्ष

"अध्यक्षांनी चहा घेतला म्हणं. वरच्या आळीत. बशीत वतून," नानी आईला म्हणाली, आणि आईच्या हातातली थापलेली भाकरी तव्याऐवजी परत परातीतच पडली.

"खरंच?"

"शेजारणीनं डोळ्यांनी बघितलंय की गं. दोन घरी घेतला. एका घरी तर बिस्किट बी खाल्लं."

बिस्किट ऐकून मी मोबाईल खाली ठेवला. आमच्या गावात कुणी पळून गेलं, कुणाची पाण्याची मोटार चोरीला गेली, तर बायका एवढ्या गप्प होत नाहीत. नानी माझी चुलती, तिला तर गप्प राहायची सवयच नाही. तीसुद्धा चुलीकडे बघत बसली.

सगळ्या उजनी धरणाच्या काठावर इतका न विकला जाणारा माणूस दुसरा नसेल, आणि इतका अवघडही नसेल. अध्यक्षांना मी काका म्हणते, ते बाबांचे शाळूसोबती. गावातली भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटावीत म्हणून जी तंटामुक्ती समिती असते, तिचे ते चार वर्षं अध्यक्ष होते. त्याआधी तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात शिपाई. पक्षकारांच्या नावांचा पुकारा करणं हे त्यांचं काम. आवाज असा की कोर्टाबाहेर चहा पिणारा साक्षीदार कप टाकून धावत यायचा. गावात आल्यावरही ती सवय गेली नाही. दोन भाऊ बांधावरून भांडून त्यांच्यापुढे तीन हातांवर उभे असले, तरी काका दोघांच्या नावाचा तीन-तीनदा पुकारा करायचे. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "अवो हितंच हाय की मी!" तर काका म्हणाले, "हाय ते मला दिसतंय. कायद्याला दिसाया पायजे."

अध्यक्ष झाल्या दिवसापासून त्यांनी गावात कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. लग्नाला जायचे ते मांडवाच्या बाहेर उभे राहून अक्षता टाकायचे आणि जेवणाच्या पंगतीला पाठ दाखवून निघायचे. मोटरसायकलच्या हँडलला स्वतःचा थर्मास आणि एक चेपलेला स्टीलचा कप बांधलेला. त्यांच्या कोंबड्यांनी शेजारच्यांची मेथी उकरली तेव्हा त्यांनी स्वतःच्या बायकोविरुद्ध निकाल दिला आणि दोन कोंबड्या शेजाऱ्यांना देवविल्या. काकूंनी दोन दिवस चूल पेटवली नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी जेवायची सोय नव्हती, म्हणून हा माणूस दोन दिवस भुईमुगाच्या शेंगांवर राहिला, आणि टरफलं मात्र व्यवस्थित डब्यात टाकली, रस्त्यात टाकली असती तर पुन्हा तक्रार आली असती.

पण सगळ्यात विचित्र म्हणजे त्यांचं ऐकणं. ग्रामपंचायतीच्या खोलीत ते प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडायचे आणि दोन्ही बाजू पाठमोरे बसून ऐकायचे. मी पहिल्याच वर्षी कारण विचारलं होतं (तेव्हा मी प्रश्न विचारायचे), तर म्हणाले, "डोळं लई लवकर विकलं जात्यात, पोरी. कुणी रडलं की गेलं. कान जरा टिकत्यात." सगळं ऐकून झालं की उठायचे, निकाल सांगायचे आणि थर्मास घेऊन निघायचे. कारण कधीच सांगायचे नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "कारण सांगितलं की त्याच्यावर भांडण होतंय. मी पहिलं भांडण मिटवाया बसलोय, दुसरं लावाया न्हाय." बाबांना एकदा त्यांनी खरं सांगितलं होतं. "कोर्टात कारणं साहेब लिहायचं. मी नावं पुकारणारा. माझी कुटली पात्रता कारण लिहायची?"

एक मेच्या ग्रामसभेत अध्यक्ष पुन्हा निवडायचा होता. हात वर करून, सगळ्यांसमोर. आणि त्याच वेळी त्यांच्यापुढे आमच्या घरचंच भांडण होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटतं, तशी काठावरची बुडालेली जमीन उघडी पडते आणि मोटारी आत आत सरकवाव्या लागतात. पलीकडच्या वस्तीवर एक मावशी एकटी दोन एकर केळी करते. तिचा पाईप पाण्यापर्यंत जायचा तर आमच्या शेतापुढच्या उघड्या गाळावरून जाणार. माझे चुलते, तात्या, म्हणाले, पाईप काढा, आम्हाला तिथं कलिंगड लावायचंय. मावशी म्हणाली, पंधरा दिवस पाणी तुटलं तर घड वाळतील, मी काय करू? काकांनी भिंतीकडे बघत सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच निकाल राखून ठेवला. आमच्या भावकीचे गावात साठेक हात. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, मतांसाठी थांबलेत. मीही लावला.

म्हणून चहाचा एवढा धक्का. मी सोलापुरात इंग्रजी शाळेत शिकले, नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्था स्वतंत्र असते असं पाठ केलं, पण तसा माणूस मी एकच पाहिला होता, आणि तो आता दारोदार बशी घेऊन बसला होता.

दुपारी ते आमच्याकडे आले. तात्या नुसते फुलले होते. "या अध्यक्ष, बसा! ए, दुधाचा कर गं चहा!"

काकांनी चहा घेतला. कप ठेवला. मतांबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "चार वर्षं काम केलं. माझ्यावर काय तक्रार हाय ती सांगा. ऐकायला आलोय."

तात्या हसले. "तुमच्यावर कसली तक्रार? पाईपचं तेवढं बघा की."

"त्ये न्हाय. माझ्यावरची तक्रार."

असं ते प्रत्येक घरी विचारत होते, आणि प्रत्येक घरी लोक साखर जास्त घालत होते. मला तेव्हा कळलं की हा माणूस मतं मागत नव्हता. निवडून यायचं तर लोकांना जाब द्यायला हवा, एवढंच त्याच्या डोक्यात आलं होतं, आणि घरात येऊन चहा नाकारला तर तक्रार कोण सांगेल, म्हणून तो घोट घेत होता. दाराशी उभ्या माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकलेली हायस. तू बोल." माझी तक्रार होती. मी मान हलवली, काही नाही म्हणून.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. मत घ्यायच्या आधी तात्या उभे राहिले. "अध्यक्ष, हात वर करायच्या आधी पाईपचं काय ते कळू द्या."

ग्रामसेवकसुद्धा हळूच म्हणाले, "काका, नंतर सांगितलं तरी चालतंय की."

"नंतर सांगितला तर हात बघून दिला म्हणतील," काका म्हणाले. "पाईप ऱ्हाईल. पाऊस लागंस्तोवर."

"का?" तात्यांचा आवाज चढला.

"निकाल दिलाय. आता मत घ्या."

मला वाटतं कारण सोपं होतं. ती जमीन आमची उरलीच नव्हती, सरकारनं ती कधीच धरणासाठी घेतली होती. एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं तर निदान दहा-वीस हात हलले असते. ते उच्चारलं गेलं नाही. काकांसाठी वस्तीवरचे थोडे हात वर झाले, मावशीचा सगळ्यात आधी. आमच्या ओळीतला एकही नाही. माझा हात मांडीवर होता. तो उचलणं मला किती जड गेलं आणि शेवटी तो उचललाच गेला नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "तात्यांनाच करा अध्यक्ष!" आणि साठ हात एकदम वर गेले. ज्याचं भांडण, त्याच्याच हातात निकाल. मी आजूबाजूला बघत राहिले, कुणाला तरी हे भयंकर वाटत असेल म्हणून. लोक टाळ्या वाजवत होते. तात्या पुढे गेले, माळ घातली गेली, आणि माळ सरळ करता करताच ते म्हणाले, "मावशी, उद्या सकाळपर्यंत पाईप काढून घ्या."

मावशी पदर तोंडाला लावून उभी राहिली. काका बाजूला सरले होते. गर्दीत उभं राहिल्यावर ते फार बुटके आहेत हे मला पहिल्यांदाच दिसलं. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांना एकट्यालाच सरळ उभं राहायला लावलं होतं.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. आईनं माझी ओढणी धरली होती एवढं आठवतं. पटांगणातले सगळे माझ्याकडे वळले आणि माझा आवाज, जो घरातसुद्धा दुसऱ्या खोलीत पोचत नाही, माझा मलाच ऐकू आला.

"काका, माझी तक्रार होती. तुम्ही कारण सांगत नाही, आजही सांगितलं नाहीत. पण तात्या, कारण तुम्हीही सांगितलेलं नाही. पाईप का काढायचा, ते आधी सगळ्यांसमोर सांगा."