चार नंबरचा फर्मा

आमच्या वाचनालयातले बाइंडरकाका चाळीस वर्षं पुस्तकं शिवत आले, पण त्यांनी एकही वाचलेलं नाही. एकदा मी त्यांना त्यावरून डिवचलं, तर म्हणाले, "शिंप्यानं काय सगळ्यांचे कपडे घालून बघायचे?" तेव्हा ते बोलत असत.

काकांचा मुलगा घर सोडून गेला त्याला आता सहा वर्षं झाली. संध्याकाळी बापलेकांचं काहीतरी वाजलं. काकू कामावर होत्या, त्या येईपर्यंत मुलगा गेलेला होता. पत्ता नाही, फोन नाही. नेमकं काय झालं ते काकांनी कुणाला सांगितलं नाही, काकूंनासुद्धा नाही. मिठाची गुळणी धरून बसलेल्या माणसाला विचारून विचारून किती विचारणार? काकू थकल्या आणि गप्प झाल्या.

काका बधिर झाले होते, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. सकाळी दहाला यायचे, जिन्याखालच्या खोलीत खळ कालवायचे, डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ सुई ओवायचे, फर्मे शिवायचे आणि सहाला जायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे वीस-पंचवीस फर्मे एकापुढे एक शिवले की पुस्तक होतं. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. काहीही सांगा, "हं." मला अशा माणसांची दया यायला हवी, पण खरं सांगते, आधी रागच येतो.

काकू मात्र वाचणाऱ्या. इस्पितळाच्या धुलाईघरातली पाळी संपली की थेट माझ्या काउंटरवर. बोटं पाण्यानं पांढरी पडलेली असायची, ती आधी पदराला पुसायच्या आणि मगच पुस्तकाला हात लावायच्या. एक कादंबरी तर त्या दर दोन महिन्यांनी न्यायच्याच.

"काकू, पाठ झाली असेल आता," मी म्हणायची.

"सगळी कुठं वाचते गं? नववं प्रकरण तेवढं वाचते आणि ठेवून देते."

या कादंबरीच्या लेखिकाबाई आमच्याकडे येणार असं ठरलं. वाचकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि मी ते आधी चाळायचे, असं काम माझ्या गळ्यात पडलं. चिठ्ठ्या आल्या त्या बहुतेक 'तुम्हाला लिहायला कधी सुचतं' छापाच्या. त्यांत काकूंची एक होती. अक्षर मोठं, ओळी सरळ.

'नवव्या प्रकरणात मुलगा बॅग घेऊन दारापर्यंत जातो आणि मग येऊन आईसमोर बसतो. तो कशामुळे थांबला? ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाप काही बोलला का?'

मी चिठ्ठी दोनदा वाचली. ही कादंबरी मी वाचली होती, पण माझ्या बहिणीच्या प्रतीतून. त्यात मुलगा जातो. जातो तो पुढच्या दोनशे पानांत उगवत नाही.

मी आमची प्रत काढली. पान एकशे साठ, शेवटची ओळ: 'त्याने बॅग उचलली, दार उघडलं आणि'. समोरच्या पानावर: 'आईसमोर येऊन बसला. तिनं ताट पुढं केलं.' वर आकडा होता एकोणपन्नास. चौथा फर्मा दहाव्याच्या पुढं शिवला गेला होता. वाक्य मात्र असं जुळलं होतं की शंका यायला जागाच नव्हती. पुढं सोळा पानं मुलगा घरात वावरतो, आईशी बोलतो, दिवा दुरुस्त करतो. सहा वर्षांत एकाही वाचकानं तक्रार केली नव्हती. नव्या वळणाची कादंबरी समजून सगळ्यांनी माना डोलावल्या असणार.

मी प्रत घेऊन जिन्याखाली गेले. काकांनी कणा चाचपला, पानं सोडली आणि आकड्यांवर बोट ठेवलं.

"चारचा फर्मा फाटका होता," ते म्हणाले. "चिकटवून बाजूला वाळत ठेवला होता. भलत्या जागी उचलला गेला."

"काकूंना हेच प्रकरण आवडतं. आणि त्यांना बाईंना विचारायचंय, तो थांबला कशामुळे." मी चिठ्ठी पुढं केली.

त्यांनी ती वाचली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मग चिठ्ठी परत देत म्हणाले, "ही पुढं नको देऊ."

नाही दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी ती टेबलाच्या खणात टाकली. भरल्या सभागृहात काकूंना 'तो जातो हो' असं कुणी ऐकवावं, हे मलाही नको होतं.

पण कार्यक्रमात सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या तरी आपली येत नाही म्हटल्यावर काकू स्वतःच उभ्या राहिल्या. काका मागच्या भिंतीला टेकून होते. काकूंनी चिठ्ठीतला प्रश्न जसाच्या तसा विचारला.

लेखिकाबाई गोंधळल्या. "कोण थांबला? तो थांबत नाही, बाई. तो जातो."

"आमच्या प्रतीत नाही जात."

लोक हसले. लेखिकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून प्रत मागून घेतली, ते पान काढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "पानं चुकीची लागली आहेत," त्या हळू म्हणाल्या. "पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बाप त्या खोलीतच आहे. तो काही बोलत नाही. तो बोलला असता तर मुलगा थांबला असता का, ते मला ठाऊक नाही. मी लिहून पाहिलं नाही."

"बरं," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. रडल्या वगैरे नाहीत. शेजारणीनं हातावर हात ठेवला तर तिच्याकडे कोण आहे ही, असं बघितलं. मला गलबलून आलं, आणि त्याहून जास्त राग आला, भिंतीला टेकलेल्या माणसाचा.

सभागृह रिकामं झालं. मी खुर्च्या एकात एक घालत होते. काकू तिथंच बसून होत्या. काका आले आणि एक खुर्ची सोडून बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी शिवलंय ते."

"कळलं."

"घरी आणलं होतं शिवायला. तो गेला त्या दिवशी."

काकूंनी मान वळवली. मी हातातली खुर्ची आवाज न करता खाली ठेवली.

"'जायचं तर जा' म्हणालो मी त्याला. त्यानं बॅग उचलली. दारापर्यंत गेला." काकांचा आवाज फर्मे मोजताना असायचा तसाच होता. "आणि थांबला."

"थांबला?"

"पाठमोरा नाही. माझ्याकडे तोंड करून. मी मान वर केली नाही. हाताला लागला तो फर्मा उचलला आणि शिवायला घेतला. मग दार लागल्याचा आवाज आला."

काकूंनी एवढंच विचारलं, "किती वेळ थांबला होता?"

काकांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"दोरा संपला होता," ते म्हणाले. "मी सुई ओवत होतो. मला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे."