बोरीच्या ग्रुपमधली आठवी बाई

आदित्य, मैत्रेयी — परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुला कधी काही विचित्र दिसलंय का?" मी विषय बदलला. माझे वडील शिक्षक. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा त्यांनी घरातले देव, ताईत, भूतखेत सगळं एकदमच बाहेर काढलं. अंगात येणं हा आमच्याकडे हसण्याचा विषय. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, असल्या गोष्टी सांगत बसणारी नव्हे. तरी एक प्रसंग आहे. तो घडला तसा लिहिते.

सत्तरच्या दशकाचा मध्य. मी परभणीत राहून मुंबईच्या एका मार्केट रिसर्च कंपनीचं काम करायचे. धुण्याच्या नव्या साबणाबद्दल खेड्यातल्या बायकांना काय वाटतं, ते कंपनीला हवं होतं. त्यासाठी बायकांना एकत्र बसवून बोलतं करायचं, त्याला ते ‘ग्रुप’ म्हणत. आठ बायका, आठ वेगळी घरं, आणि प्रत्येकीनं स्वतः धुणं धुतलं पाहिजे. ऐकायला सोपं. पण सून मागितली की जाऊ यायची, जाऊ मागितली की बोलकी नणंद. विचारलं तर, "एकच की हो बाई." त्यांना ती फसवणूक वाटतच नसे. म्हणून माझी एक रीत होती. घरी जाऊन बाईला एकटीला गाठायचं, फक्त तिलाच ठाऊक असेल असं काही विचारायचं, आणि ग्रुपच्या दिवशी तेच पुन्हा विचारायचं. कितीतरी बदली बायका मी दारातूनच परत पाठवल्या.

जिंतूर तालुक्यातल्या बोरीत मला रुक्मिण भेटली. नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. घरात सासू आणि थोरला दीर. जाऊ बाळंतपणाला माहेरी, पालमला. रुक्मिण धुणं बडवत होती. डाव्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग.

"साबण कशानं कापता?" मी विचारलं.

सासू आत गेलेली बघून ती म्हणाली, "दोऱ्यानं. सुरीनं चुरा पडतोय. आन् एक तुकडा लपवून ठिवते. आत्याबाई राखेनं धुवायला लावतेत." मग थांबून म्हणाली, "मी येते बाई. कुनी काही म्हनलं तरी येते."

रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत सतरंजीवर सात जणी जमल्या. मी सुरुवात करणार तोच रुक्मिण आली आणि भिंतीला टेकून बसली. शेजारी जाऊन मी हळूच विचारलं. "दोऱ्यानं, बाई," ती म्हणाली. मनगटावर तोच डाग. माझी खात्री झाली.

"सगळ्यात हट्टी डाग कशाचा?" मी सगळ्यांना विचारलं.

"हळदीचा."

"केळीचा. जलमभर जात न्हाई."

"नवऱ्याचा," शेवंताबाई म्हणाल्या. सर्वांत वडील त्याच. "लय घासला, निघतच न्हाई."

सगळ्या हसल्या.

"रक्ताचा," रुक्मिण म्हणाली. "थंड पान्यात मीठ घालून भिजवावं लागतंय. गरम पानी घातलं की बसतोय."

"कुनाचं रक्त धुतलंस गं?" एकीनं विचारलं.

"माझंच. मालक ट्रकवर गेल्यापसून दीर रोज दाराला हात लावायलाय. आज सकाळी मी म्हनले, तुमच्या भावाला सांगते. त्यानं कुऱ्हाड उलटी धरली. पयला घाव खांद्यावर. दुसऱ्यानं दात गेले. मग डोक्यात. आता कडब्याच्या खोलीत हाय मी. आत्याबाईनं कडी लावली. दिवेलागणीला हिरीत टाकनार हायेत."

साबणाबद्दल सांगावं त्याच आवाजात ती हे सांगत होती. लुगडं स्वच्छ, दात जागच्या जागी... मला वाटलं, पोरीला ताप चढलाय.

इतक्यात बाहेरून तिच्या सासूचा आवाज आला. ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत येत होती — "आमची सून मीटिंगला म्हनून सकाळीच भाईर पडली, अजून घरी न्हाई. कुठं तोंड काळं केलं की. मागून आमाला कुनी बोल लावू नका —" आणि दारात येऊन तिनं भिंतीकडे पाहिलं. ती मटकन उंबऱ्यावर बसली.

"कडी लावून आले," ती म्हणाली. "मी सोता कडी लावून आले."

शेवंताबाई उठल्या. सगळ्या उठल्या. मी वळून पाहिलं तर भिंतीपाशी कुणी नव्हतं. खोलीला दार एकच, आणि त्यात सासू बसलेली.

आम्ही पळत घर गाठलं. दीर हौदावर सदरा धूत होता. बोरीत पुरुषाला धुणं धुताना मी कधी पाहिलं नव्हतं. दगडावरून ओघळणारं पाणी लाल होतं. आम्हाला बघून त्यानं कुऱ्हाड उचलली. शेवंताबाईंनी धुण्याचं धोपाटणं घेऊन त्याच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मग बाकीच्या त्याच्यावर तुटून पडल्या — दगडांनी, वहाणांनी, नखांनी. त्याचा चेहरा ओळखू येईना तेव्हा मीच त्यांना मागे ओढलं.

कडी काढली. रुक्मिण कडब्यावर उताणी पडली होती. जबडा एका बाजूला लोंबत होता, केस रक्तानं चिकटून दगडासारखे झाले होते. श्वास चालू होता. कंपनीच्या जीपमधून परभणीच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

ती वाचली. पुढे पेडगावला भावाकडे राहिली. बोलता आलं तेव्हा म्हणाली, "मी दार वाजवायले होते. कुनी ऐकंना. म्होरचं काही याद न्हाई." डॉक्टर म्हणाले, या जखमा सकाळच्या, त्यानंतर ही बाई उभीसुद्धा राहिली नसती.

फौजदार मला म्हणाले, "बाई, तुमी फसलात. तिच्या जागी जावेला पाठवलं असंल." जाऊ पालमला ओली बाळंतीण होती. तुमचे आजोबा म्हणायचे, भास. दोऱ्याचं उत्तर तुला आधीच ठाऊक होतं, ते तुझ्याच डोक्यातून आलं. असेल. पण कुऱ्हाड, कडबा, विहीर? आणि ते आम्ही आठही जणींनी ऐकलं, सासूनं तिला डोळ्यांनी पाहिलं.

मुंबईच्या सुपरवायझरनी विचारलं, ग्रुपला हजर किती? मी आठ कळवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे पुढे विचारलं, सगळ्या जेन्युइन होत्या ना, बदली कुणी नव्हती ना?

मी हो म्हटलं.